ठकूआत्यांचं द्राक्षासव

“ह्याला वास कसला येतोय रे?” ठकूआत्यांनी चांदीची पळी ओठांपाशी नेली आणि तशीच खाली घेतली.

“द्राक्षांचा, आत्या,” दामूभाऊजी म्हणाले. “विलायतेची द्राक्षं जरा उग्रच असतात.”

“तू गेला होतास वाटतं हुंगायला?”

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. हसू आवरेना. पण हसले असते तर आत्यांची नजर माझ्याकडे वळली असती आणि मग माझी धडगत नव्हती, म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईला एका इंग्रजी औषधांच्या दुकानात कारकून होते. राणीचं राज्य होतं तेव्हा, आणि मुंबईहून माणूस आला की आमच्या गुहागरात निम्मी आळी ओटीवर जमायची. दाभोळला बोट लागायची, तिथून तरीनं खाडी ओलांडायची, पुढं पायपीट. एवढं सगळं करून भाऊजींनी गणपतीला येताना ती बाटली आणली होती, धोतरात गुंडाळून. तांबूस काळी काच आणि तिच्यावर पंख फुटलेल्या एका गोऱ्या बाईचं चित्र. बाईच्या हातात द्राक्षांचा घोस. तिच्याकडे बघून आत्या म्हणाल्या होत्या, “हिला नेसायला कुणी दिलं नाही का?”

बाटलीबरोबर मराठीत छापलेला एक कागद होता. मला ह्यांनी चोरूनमारून वाचायला शिकवलं होतं, म्हणून भाऊजींनी तो माझ्याच हाती दिला. मामंजी आगरात गेलेत असं बघून मी तो दाराआडून वाचला. अग्निमांद्य, जुनाट खोकला, बाळंतरोग, धातुक्षय, केस गळणं, मनाची उदासीनता आणि परीक्षेची भीती, ह्या सगळ्यांवर म्हणे एकच रामबाण उपाय. शुद्ध द्राक्षरस आणि गुणकारी मुळ्या.

“केस नाहीत आणि परीक्षाही नाही,” आत्या म्हणाल्या. “राहिला खोकला.”

खोकला होताच. आषाढापासून धरला होता तो सुटायचं नाव घेत नव्हता. आणि गंमत बघा, ज्या बाईला खोकला झाला तीच आमच्या सबंध आळीचं औषधपाणी करणारी. ठकूआत्या म्हणजे मामंजींची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, सोवळ्या, अंगावर कायम तांबडं आलवण. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच वारल्या होत्या, तेव्हा घरही आत्यांच्या हातात आणि घरातले डबे-बरण्याही. कुणाला अडुळशाचा काढा, कुणाच्या पोराला वेखंड उगाळून, बाळंतिणीला सुंठ-पिंपळी. परसात कुणी येऊन नुसतं खाकरलं तरी आतून विचारायच्या, “कफ सुटलाय की नाही अजून?” पण स्वतःवर एकही काढा चालेना. त्यात चातुर्मासाचं एकवेळचं जेवण. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं.

आणि मला दिवस होते. आधीची दोन बाळं माझ्या हाती लागली नव्हती. माहेरी आई नव्हती. “ह्या खेपेला मी बसते तुझ्यापाशी, बघू कोण नेतंय ते,” असं आत्या म्हणाल्या होत्या आणि त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होते. रात्री त्यांची ढास ऐकली की मी उठून बसायची. ही बाई गेली तर माझं कोण? त्या पंखवाल्या बाईला नवस बोलायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

मामंजी कर्मठ. पण बहिणीपुढं त्यांचं मन मऊ व्हायचं. त्यांनी भाऊजींना सतरा प्रश्न विचारले. पाणी कुणाचं? पाणी नाहीच, नुसता रस. भरतो कोण? आपल्यातलाच माणूस आहे. भाऊजींनी हे खरं सांगितलं की ठोकून दिलं, देव जाणे. शेवटी मामंजी म्हणाले, “द्राक्षासव तर वैद्यही देतात. घे ठकू.”

आत्यांनी पळी तोंडात रिकामी केली. डोळे मिटून बसून राहिल्या.

“कडू आहे का हो?” मामंजी ओटीवर गेल्यावर मी विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाल्या, आणि पळी धुवायला माझ्याकडे दिली.

---

दसरा येईतो आमच्या घरात जणू दुसरीच बाई वावरू लागली.

खोकला अगदी गेला असं नाही, पण त्यांना झोप लागायला लागली. गालांवर रंग चढला. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिली दोन वर्षं ह्या बाईनं मला विहिरीवर जाऊन रडायला लावलं होतं. भात गिचका झाला म्हणून, पदर घसरला म्हणून, भांडं वाजलं म्हणून. तीच आता दुपारी सोवळं सोडलं की म्हणायची, “दुर्गे, ये इकडे, केसांत जटा झाल्यात तुझ्या.” आणि माझ्या डोक्याला तेल लावत बसायची. हळूहळू, बोटं केसांतून फिरवत. मध्येच जात्यावरची ओवी गुणगुणायची. एकदा मामंजी पूजेला बसले होते आणि उंदरानं त्यांच्या पुढ्यातलं फूल पळवलं, तर आत्या अशा हसल्या, अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मामंजीही हसले. ह्यांनी ओटीवरून आत डोकावून विचारलं, “कोण आलंय?” कुणी आलं नव्हतं. आमच्या आत्याच हसत होत्या.

मला केवढं सुख झालं म्हणून सांगू! मला आई मिळाली होती, ती अशी, बाटलीतून. एका पळीच्या चार झाल्या, बोटीनं दुसरी बाटली आली, मग तिसरी.

एकच गोष्ट मला खटकली. ज्यांनी आयुष्यात कुणाला औषधाला नाही म्हटलं नव्हतं, त्या आत्या ह्या बाटलीला कुणाला हात लावू देईनात. शेजारच्या मथुरेला बाळंतपणानंतर उभं राहवेना. तिची सासू येऊन म्हणाली, “ठकूताई, तुमच्या त्या द्राक्षासवातलं दोन पळ्या द्या हो माझ्या सुनेला.” आत्या म्हणाल्या, “ते तिला सोसायचं नाही. मी काढा देते.” मला वाटलं, अगं बाई, म्हातारपणी हावरटपणा आला की काय! मनातल्या मनात मी हसलेसुद्धा.

कार्तिकातली दुपार होती. ओटीवर मामंजी आणि शास्त्रीबुवा बोलत बसले होते. परसदारी राणोजी हवालदार आला. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला म्हातारा, आमच्या आगरापलीकडे राहायचा. खोकून खोकून त्याचा चेहरा काळानिळा झाला होता. पायरीवर बसला तो उठेना.

“आत्याबाई, कायतरी द्या. छाती फुटती.”

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग आत गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. मी बघतच राहिले. केळीच्या पानाचा द्रोण करून त्याच्यापुढं ठेवला, वरून धार सोडली. “घे आणि सरळ घरी जाऊन पड,” म्हणाल्या.

हवालदारानं द्रोण तोंडाला लावला. डोळे मिटले, मग मोठ्ठे उघडले. हात जोडून उठला. पण सरळ घरी जाईल तर शपथ! उपकार झाले म्हणून मालकांना रामराम करायला वळसा घालून पुढच्या अंगणात गेला. मी माजघरातून ऐकत होते.

“काय हवालदार, लागू पडलं का औषध?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“औषध कसलं म्हाराज, पोर्ट दारू ती! अस्सल. काबुलाकडं होतो तवा गोरा डाक्टर हीच पाजायचा आजाऱ्याला. जीव वाचला माजा तवा. आत्याबाईंनी आज परत वाचिवला. देव त्यांचं भलं करो.”

बिचारा मनापासून बोलला. पागोटं सावरत निघून गेला.

बाटली बाहेर मागवली गेली. शास्त्रीबुवांनी लांबूनच हुंगली आणि उपरणं नाकाला लावलं. पोस्टमास्तरांना बोलावणं गेलं. त्यांनी तळाची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि मान डोलावली. मामंजी उठले, बाटली घेऊन आगरात गेले आणि माडाच्या बुंध्यावर आपटली. ते परत आले तेव्हा त्यांच्या धोतरावर तांबडे शिंतोडे होते. बायकांच्या बाजूला त्यांनी बघितलंच नाही.

---

आता शास्त्रीबुवांविषयी मी वाईट बोलणार नाही. माणूस भला होता. गावात बभ्रा झालेला, ब्राह्मणाच्या घरात सोवळी बाई दारू प्याली, ती सुद्धा चातुर्मासात! काहीतरी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण त्यांनी पोथ्या उलटसुलट करून वाट काढली. मामंजींना म्हणाले, “अजाणता घडलं असेल तर फार काही नाही. एक उपास, पंचगव्य, संपलं. जाणून घेतली असेल तर मात्र चांद्रायण करावं लागेल. आणि ठकूताईंची प्रकृती बघता…”

चांद्रायण म्हणजे पुनवेला पंधरा घास, मग चंद्राबरोबर रोज एक घास कमी, अवसेला काहीच नाही, आणि मग पुन्हा एकेक वाढवत जायचं. धडधाकट माणसाचे डोळे पांढरे व्हायचे. इथं तर बाटली बंद झाल्यापासून आत्यांचे हात थरथरायला लागले होते. अंगाला दरदरून घाम यायचा, झोप उडाली होती, खोकला पहिल्याहून जोरानं उलटला होता.

मामंजी माजघराच्या उंबऱ्याशी आले. तिथं सहसा येत नसत. “ठकू, उद्या शास्त्रीबुवा चार माणसांत विचारतील. ठाऊक नव्हतं म्हण, म्हणजे झालं.”

“बघते,” आत्या म्हणाल्या.

“बघायचं काय त्यात? ठाऊक नव्हतंच की तुला. मला तरी कुठं होतं?”

ते गेल्यावर मी आत्यांचे पाय धरले. “आत्या, एवढं एक म्हणा हो. माझ्यासाठी म्हणा.” त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटी भरली. आत्या दाराच्या आत, भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्या मागं. शास्त्रीबुवांनी घसा साफ केला आणि अगदी मायेनं विचारलं, “ठकूताई, रीत म्हणून विचारतो हो. त्या औषधात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?”

उत्तर त्यांनी प्रश्नातच घालून दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“ठाऊक होतं,” आत्या म्हणाल्या.

मामंजी अर्धवट उठले. “ठकू! अगं ताप आहे तुला. काय बोलतेस?”

“ताप उतरलाय. मला ठाऊक होतं, आणि घरात दुसऱ्या कुणाला नव्हतं. पुनव परवा आहे, तेव्हापासून धरते.”

---

घास केवढा घ्यायचा, असं मी शास्त्रीबुवांना ह्यांच्याकरवी विचारलं. मोराच्या अंड्याएवढा, असं उत्तर आलं.

“मोराचं अंडं ह्या गावात कुणी पाहिलंय?” आत्या म्हणाल्या.

मी त्याचा फायदा घेतला. तूप घालून, दाबून दाबून, नारळाएवढे घास करायची. आत्या त्यातला निम्माअधिक मोडून बाजूला ठेवायच्या. “मोर आहे, हत्ती नव्हे,” म्हणायच्या. सुरुवातीला अशी थट्टा चालायची. मग घास कमी होत गेले तशी थट्टाही कमी झाली. अंथरुणाला लागल्या. उठवून बसवलं तर पाठीचे मणके माझ्या तळहाताला लागायचे.

एक दिवस पानात अगदी थोडे घास उरले होते. मी पान पुढं ठेवलं आणि माझा धीर सुटला. “कुणाला वाचवायला निघालात तुम्ही? भाऊजींना? बाटली आणली म्हणून मामंजी त्यांना घराबाहेर काढतील म्हणून? की मला, मी ओतून देत होते म्हणून?”

“दाम्याला?” आत्या खोकल्या, खूप वेळ खोकल्या. “त्या गाढवाला विकायचं कळतं, काय विकतो ते नाही कळत. आणि तुला वाचवायला तू कोण मोठी लागून गेलीस!”

“मग का?”

“खरं आहे म्हणून.”

“तुम्हाला खरंच ठाऊक होतं?”

“पहिल्या पळीला नव्हतं. ती पोटात गेल्यावर कळलं. अगं, सारा जन्म औषधं उकळण्यात गेला माझा. द्राक्षांनी अंगात असं होत नाही, एवढी अक्कल आहे मला. मथुरेला का दिली नाही? तिचा धर्म बुडाला असता. हवालदाराचं काय बुडणार होतं?” त्या थांबल्या. मी पाणी दिलं, ते घेतलं. “दुसऱ्या दिवशी तू पळी पुढं केलीस ना, ती मी जाणून घेतली. तिसरीही. सगळ्या.”

“पण ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायला काय हरकत होती? सगळे तेच ऐकायला बसले होते!”

“म्हणून तर.” आत्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्या बोलायला लागल्या, डोळे न उघडता. “बोहल्यावर उभी केली तेव्हा भातुकली अर्धी टाकून गेले होते. नवऱ्याचं तोंडही नीट बघितलं नाही. अजाणता. कुंकू पुसलं तेव्हा आई का रडते ते मला कळेना. अजाणता. न्हाव्यापुढं बसवली तेव्हा मला वाटलं, केस काय, परत वाढतील. सगळं अजाणता झालं, दुर्गे. माझ्या नावावर आहे काय दुसरं? ह्या वयात एक गोष्ट केली, डोळे उघडे ठेवून, मला हवी होती म्हणून. बरं वाटायचं गं. संध्याकाळ झाली की वाटायचं, आता ती घेईन, आणि मग दुर्गीला हाक मारीन. तेही अजाणता झालं म्हणू?”

मला रडू यायला हवं होतं, पण मला संताप आला. खोटं कशाला सांगू? “आणि माझं काय?” मी ओरडले. त्या घरात मी पहिल्यांदा ओरडले. “माझ्या बाळाचं काय? तुम्ही बसणार होतात माझ्यापाशी!”

आत्यांनी डोळे उघडले. “ते मात्र राहिलं,” म्हणाल्या. “मथुरेच्या सासूला सांगून ठेवलंय मी. हात चांगला आहे तिचा.”

“मला नको मथुरेची सासू!”

“बरं,” आत्या म्हणाल्या, एखाद्या हट्टी पोराला म्हणावं तसं. आणि पानातला एक घास उचलून माझ्या तोंडात घातला. मी रडत रडत तो खाल्ला.

अवसेच्या आदल्या दिवशी, दुपारी, घरातली माणसं जेवून उठत असताना त्या गेल्या. मी उशाशी होते.

---

तेराव्याला ओटीवर तीच माणसं जमली होती. भाऊजी मुंबईहून आले होते, ते खाली मान घालून कोपऱ्यात बसले होते. जेवणं झाली होती. मी विड्यांचं ताट घेऊन माजघराच्या दाराशी आले. मला पाचवा संपून सहावा लागला होता.

“प्रायश्चित्त तिनं सुरू केलं होतं, म्हणजे शुद्धच झाली ती,” शास्त्रीबुवा म्हणत होते. “मनात काही ठेवू नका.”

“अहो, पण तिला ठाऊक नव्हतंच मुळी,” मामंजी म्हणाले. बहिणीसाठी त्या माणसाचा जीव तुटत होता, ते मला दिसत होतं. “तापाच्या भरात काहीतरी बोलली आणि स्वतःला शिक्षा करून घेतली. माझी बहीण असलं काही जाणून करायची नाही. भोळी होती बिचारी. अजाणता घडलं.”

“अजाणताच,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“अजाणताच हो,” पोस्टमास्तर म्हणाले. कोपऱ्यातून भाऊजींनीही मान हलवली. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कुणीतरी सुस्कारा टाकला.

सगळी चांगली माणसं होती. एकाच्याही मनात पाप नव्हतं. आणि माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. लग्न झाल्यापासून मी मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते. सुनांनी बोलायचं नसेच, काय हवं नको ते नवऱ्याकरवी. माझा आवाज कसा आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मी ताट खाली ठेवलं आणि उंबरा ओलांडला.

“नाही, मामंजी,” मी म्हणाले. “आत्यांना ठाऊक होतं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. हे घाईनं उठले, मला हातानं खूण करायला लागले, आत जा, आत जा. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना काही उमजत नव्हतं.

मी आत गेले नाही. “ठाऊक होतं,” मी पुन्हा म्हणाले. “आणि त्यांना ती आवडत होती.”